बटेराचं पिल्लू हातावर वाढवताना



दिवाळी झाली आणि आमच्या गटात एक मोठा बेत ठरू लागला. दोनशे बटेर पाळायचे. कर्जाचा अर्ज भरून तयार होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "अगं, आधी एक तरी जगवून दाखवा. मग दोनशेचं बघू." आम्ही हसलो. कोंबड्या तर प्रत्येकीच्या दारात आहेत. बटेर म्हणजे लहान कोंबडीच की, त्यात वेगळं काय शिकायचं, असं वाटत होतं. पण खरं सांगतो, आमच्यातल्या एकीनंही तोवर बटेराचं पिल्लू हातात धरलेलं नव्हतं.

तालुक्याच्या गावी एक जण बटेर पाळतो. त्याच्याकडून १२ फलित अंडी आणली. दुकानात खायला मिळतात ती अंडी बहुधा फलित नसतात, ती उबवून उपयोग नाही. पाळीव बटेराची मादी अंडी भरपूर देते, पण उबवायला बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मशीनमध्ये अंडी उबवली गेली, त्यात तिची खुडूक बसायची सवयच गेली. म्हणून आम्ही आमच्या एका खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. बटेराचं अंडं साधारण १० ग्रॅमचं, त्यामुळे कोंबडी अंगानं लहान आणि शांत असलेली बरी. आमची होती धिप्पाड. चार अंडी तिच्या वजनानंच फुटली. आणखी एक लक्षात ठेवा. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांनी निघतं, बटेराचं १७-१८ दिवसांनी. दोन्ही अंडी एकत्र ठेवली तर बटेराची पिल्लं निघताच कोंबडी उठते आणि तिची स्वतःची अंडी गार पडतात.

सतराव्या दिवशी रात्री तीन पिल्लं निघाली. पिवळी-काळी, पाठीवर पट्टे, अंगठ्याच्या पेराएवढी. वजन ७-८ ग्रॅम, म्हणजे एका दहा रुपयांच्या नाण्याइतकं. कोंबडीनं एकाला टोच मारली, तेव्हा आम्ही तिन्ही बाजूला काढली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. वर बल्ब लावला. उजेड छान पडला. समाधानानं झोपलो.

सकाळी दोन पिल्लं आडवी पडली होती.

बल्ब एलईडी होता. त्याचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायची वेळच कधी आली नव्हती. ते काम आईच्या पंखाखाली होतं. तिसरं पिल्लू जेमतेम धुगधुगी धरून होतं. घरच्या सुनेनं ते ओंजळीत घेऊन छातीशी धरलं, पदराखाली, तब्बल तासभर. मग त्यानं डोळे उघडले आणि चिवचिवायला लागलं. हे जे पुढं सांगतोय, ते सगळं त्या एकानं आम्हाला शिकवलं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ ते ३७ अंश ऊब लागते. मग दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करत जायचं. अंगभर पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर स्वतःची ऊब त्याला धरता येत नाही. त्यासाठी जुना पिवळा बल्ब हवा, ४० किंवा ६० वॅटचा. तो खोक्याच्या मध्यभागी टांगू नका, एका कोपऱ्याला टांगा. म्हणजे एक बाजू उबदार राहते, एक गार, आणि पिल्लू आपली जागा आपण शोधतं. बल्ब पुठ्ठ्याला आणि कापडाला टेकता कामा नये, पेट घेतो. वायर घट्ट बांधा.

थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लूच सांगतं. बल्बखाली अंग चोरून, मोठ्यानं ओरडत उभं राहिलं तर त्याला गार लागतंय. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी टाकून, पंख ढिले सोडून धापा टाकत असेल तर उकडतंय, बल्ब वर घ्या. हातपाय पसरून निवांत झोपलं, मधेच उठून दाणे टिपलं, पुन्हा झोपलं, म्हणजे ऊब बरोबर आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते पसरून झोपलेलं पिल्लू मेल्यासारखंच वाटतं. आम्ही चार वेळा घाबरलो.

आता तुम्ही म्हणाल, वीज गेली की काय? आमच्याकडेही गेलीच, दुसऱ्याच रात्री. बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. पाणी निवलं की बदलायचं. वरून गोधडी टाकली, पण हवेला फट ठेवून. रात्री तीनदा उठावं लागलं. दोनशे पिल्लांसाठी किती बाटल्या लागल्या असत्या, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा मनात आला.

पाण्यानं आमचा जीव असाच टांगणीला लावला. वाटी खोल नव्हती, तरी पिल्लू त्यात पडलं आणि भिजलं. बोटभर पाण्यातसुद्धा ते बुडू शकतं. आणि भिजलं की गारठतं, मग वाचणं अवघड. पाण्यासाठी बरणीचं उथळ झाकण घ्या आणि त्यात धुतलेले खडे किंवा पोरांच्या गोट्या भरा. खड्यांच्या मधल्या पाण्यात फक्त चोच जायला हवी. सुरुवातीला एकदाच पिल्लाची चोच अलगद पाण्याला टेकवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. ड्रॉपरनं घशात ओतू नका, ते श्वासात जातं. दूधही देऊ नका. पाखरांना दूध पचत नाही.

खोक्यात खाली आपण सवयीनं वर्तमानपत्र घालतो. ते गुळगुळीत असतं. पिल्लाचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि दोन-तीन दिवसांत तसेच राहतात. मग ते उभं राहू शकत नाही, दाण्यापर्यंत पोचत नाही. खाली जाडंभरडं सुती कापड घाला, ज्याचे धागे सुटत नाहीत असं, नाहीतर धागा बोटात अडकतो. आठवड्यानंतर भाताचा तूस चालेल. आधी नको, कारण दाणा कुठला आणि तूस कुठला हे त्याला कळत नाही. आमच्या पिल्लाचा एक पाय थोडा फाकलाच होता. चिकटपट्टीची बारीक पट्टी कापून दोन्ही पाय सरळ उभे राहतील एवढं अंतर ठेवून सैल बांधले, इंग्रजी आठच्या आकारात. तीन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा ते नीट चालायला लागलं होतं. हे पहिल्या काही दिवसांतच जमतं, हाडं घट्ट झाल्यावर नाही.

खाण्याचं म्हणाल, तर अंड्यातून निघाल्यावर पहिला एक दिवस पोटातल्या बलकावर निघतो, घाई करायची नाही. मग मात्र नुसत्या कण्या टाकून भागत नाही. बटेराचं पिल्लू फार झपाट्यानं वाढतं, त्याला प्रथिनं जास्त लागतात, खाद्यात शेकडा २४ ते २७. ब्रॉयलर पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य मिळतं ते घ्या आणि मिक्सरमध्ये रव्यासारखं बारीक करा, कारण आखा दाणा त्याच्या चोचीत मावत नाही. जोडीला उकडलेल्या अंड्याचा चुरा चिमूटभर. तो दोन तासांत खाल्ला नाही तर काढून टाका, आंबतो. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका, त्यात चुना जास्त असतो. दाणे कापडावर पसरून त्यावर बोटानं टकटक करायचं, कोंबडी चोचीनं करते तसं. आमच्या पिल्लानं तिसऱ्याच टकटकीला टिपायला सुरुवात केली. गटातल्या सगळ्या बाया खोक्याभोवती वाकून बघत होत्या, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

रोज एकदा पिल्लू उलटं करून मागची बाजू बघा. विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूच सोडवा, कोरडीच ओढू नका. मग लगेच कोरडं करून ऊबेत ठेवा. आणि मुंग्या! आमच्या डोक्यातच नव्हत्या. खोकं टेबलावर ठेवलं आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मांजर, उंदीर यांच्यासाठी वरून बारीक जाळी. कोंबडीच्या जाळीच्या भोकातून हे पिल्लू सहज निसटतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते सरळ वर उडी घेतं, त्यामुळे जाळी कडक नको, कापडाची हवी, नाहीतर डोकं आपटतं.

सगळ्यात अवघड होता तो एकटेपणा. बटेर थव्यानं राहणारं पाखरू. एकटं पिल्लू सारखं हाका मारतं, हाक मारून दमतं, खायचं विसरतं. आम्ही लहान आरसा ठेवला, लोकरीचा एक झुबका टांगला, त्यात ते शिरून झोपायचं. तरी खरा उपाय म्हणजे त्याच वयाचं दुसरं पिल्लू. जमत असेल तर कधी एकच वाढवू नका. आमच्याजवळ दुसरं नव्हतं, म्हणून सुनेच्या पायामागं ते घरभर फिरायचं, आणि पायाखाली येईल या धाकानं ती सरकत सरकत चालायची.

या पिल्लाची बातमी गावात पसरली. एक शाळकरी पोरगा माळावरच्या गवतातून तसलंच दुसरं पिल्लू घेऊन आला, "काकू, याला जोडीदार!" ते रानातल्या लाव्याचं होतं. मोह आम्हालाही झाला. पण लावा रानातला, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरात ठेवता येत नाही. आणि ते पिल्लू पोरकंही नव्हतं. लाव्याची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागं चालायला लागतात, माणूस दिसला की गवतात दबून बसतात. आई जवळच असते. त्या पोरालाच घेऊन आम्ही गेलो, नेमकं जिथून उचललं तिथं ठेवलं आणि लांब बांधाआड बसलो. थोड्या वेळानं गवतातून हाक आली, पिल्लानं उत्तर दिलं आणि ते दिसेनासं झालं. पिल्लू जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पाखराला हात लावला की साबणानं हात धुवायचेच, लहान मुलांचे तर आठवणीनं. पोरं पिल्लाचे मुके घेतात, ते करू देऊ नका, पोटाचे आजार होतात. बटेर आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. अचानक बरीच पाखरं मेली तर उघड्या हातानं उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आमचं पिल्लू जगलं. महिन्याभरानं छातीवरची पिसं बघितली. मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात, याची छाती साफ विटकरी. म्हणजे नर. अंड्यांची स्वप्नं बघणाऱ्या आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. सहाव्या आठवड्यात एके पहाटे चार वाजता त्यानं अशी बांग दिली की शेजारचे उठून आले. मावशी म्हणाल्या, "अंडं नाही देणार, पण उठवील तरी."

कर्जाचा अर्ज अजून कपाटातच आहे. पुढच्या महिन्यात बचतीतून २५ पिल्लं आणतोय. पिवळे बल्ब आणलेत, दोन जास्तीचे, आणि गरम पाण्याच्या बाटल्या घराघरातून गोळा करणं चालू आहे.