पाऊल वळते कुठून?

सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा २०२० चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. त्यामागची माणसे खरी आहेत. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, अमीरुद्दीन शाह वेल्डरचा. येहुदा माओर या शिक्षकांनी मुंबईत दोघांना बॅले शिकवले आणि अमीरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. युरोपातल्या राजदरबारांत वाढलेली ही कला आपल्या मुलामुलींनीही हक्काने शिकावी, असेच आम्हाला वाटते. पण पडद्यावर उडी दिसते, पायाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. घरच्यांना ते ठाऊक हवे.

बॅलेची सुरुवात होते पाय बाहेर वळवून उभे राहण्यापासून. याला टर्नआऊट म्हणतात. टाचेला टाच, आणि दोन्ही पावले जवळपास एका सरळ रेषेत. हे वळण खुब्यातून यायला हवे. मांडीच्या हाडाचे गोल टोक खुब्याच्या खोबणीत फिरते, म्हणून मांडी बाहेर वळते. ही खोबण किती खोल आणि तिचे तोंड कोणत्या बाजूला, हे प्रत्येकाचे वेगळे. सरावाने स्नायू बळकट होतात. वाढ पूर्ण झालेल्या हाडाचा घाट मात्र बदलत नाही. पूर्ण सरळ रेषा फार थोड्यांना जमते. बाकीचे कमी पडलेले वळण गुडघ्यातून आणि पावलातून उसने आणतात, आणि दुखणे तिथेच सुरू होते.

कारण गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा चालतो. पीळ त्याला सोसत नाही. पाऊल जमिनीला घट्ट रोवून पाय बळेच बाहेर फिरवला की गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, पावलाची कमान आत कोसळते, नडगी ठणकू लागते.

हे घरीही पाहता येते. मुलीला त्या पवित्र्यात उभे करा आणि गुडघे थोडे वाकवायला सांगा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जायला हवी. बोटे बाहेर आणि गुडघे समोर असे दिसले, तर वळण खुब्यातून येत नाही. पावले थोडी आत घेऊन उभे राहणे यात कमीपणा नाही. लवचीकपणा यावा म्हणून कोणी मुलांचे गुडघे दाबत असेल, तर थांबवून विचारा. गुरू सांगतात म्हणून मान डोलवायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. उडीवरून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो जिरावा म्हणून गुडघे आणि घोटे वाकवून उतरतात, आणि चांगल्या क्लासची जमीन लाकडी, खाली पोकळी किंवा रबर असलेली असते. आपल्याकडे विहाराचे सभागृह, नाहीतर समाजमंदिर. खाली फरशी किंवा कोबा. भीमजयंतीच्या नाचाची तालीमही तिथेच. अशा जमिनीवर संतुलनाचा, टाचा उचलण्याचा सराव करावा, उड्या क्लासमध्येच. चटई अंथरून तर मुळीच नाही, ती सरकते आणि घोटा मुरगळतो.

घोटा मुरगळणे ही नेहमीची इजा. पण बॅलेत जास्त त्रास हळूहळू साचणाऱ्या दुखण्यांचा: टाचेमागची जाड नस, अंगठा वाकवणारी नस, आणि पावलाच्या लांब हाडांना, विशेषतः दुसऱ्या हाडाला, पडणारी बारीक चीर. ही चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून ‘फोटो चांगला आलाय, नाटक करते’ असे म्हणू नये. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते आणि नाचल्यावर दुखणे वाढते, असे असेल तर नाच थांबवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

बारीक दिसण्यासाठी मुली जेवण तोडतात, तेव्हा पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडेही कमजोर होतात. तीन महिने पाळी आली नाही तर ‘मेहनतीने होते’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

बोटांच्या टोकावर नाचण्याचे बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी नकोत. त्यानंतरही घोटे आणि पोटऱ्या पुरेशा बळकट झाल्यावरच. हे बूट महाग, म्हणून कोणाचे तरी जुने घालायचा मोह होतो. फ्रॉक चालतो, बूट नाही. ते घालणाऱ्याच्या पायाप्रमाणे मोडतात आणि मऊ पडले की आधार देत नाहीत.

घोटा मुरगळला तर लगेच मालीश नको, हाड बसवून घेणेही नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जा. नंतर फिजिओथेरपीचे व्यायाम पूर्ण करा. सूज उतरली की मुले ते सोडतात, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

एक अडचण आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. सवलतीच्या जागेवर शिकणारे मूल दुखणे लपवते; जागा जाईल, अशी भीती असते. विचारले तर ‘काही नाही’ म्हणेल. क्लासवरून घरी आल्यावर उंबरठ्याशी चप्पल काढताना ते कोणत्या पायावर वजन टाकते, एवढे पाहा.