स्लो कुकरमध्ये बीफ आणि लॅम्ब: आठ तासांत आत काय घडतं आणि स्मार्ट प्लग का नको

मी नोकरीसाठी अमेरिकेत राहतो. इथे नव्याने आलेले मराठी मित्र स्वस्तातला स्लो कुकर घेतात आणि आठवड्याभरात एक प्रश्न विचारतात: "सकाळी मटण कुकरमध्ये ठेवलं आणि दुपारी ऑफिसमधून फोनवरून स्मार्ट प्लग ऑन केला, तर रात्री गरमागरम जेवण मिळेल ना?"

जेवण मिळेल, पण ते खाणं धोक्याचं आहे. का, ते समजण्यासाठी आधी हा कुकर कसा काम करतो ते बघू.

स्लो कुकर म्हणजे काय?

जाड सिरॅमिकचं भांडं, त्याभोवती धातूचा डबा आणि दोघांच्या मध्ये गरम होणारी कॉइल. बस, एवढंच. अर्विंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला 1940 मध्ये अशा कुकरचं पेटंट मिळालं. ज्यू घरांत शब्बाथच्या दिवशी आग पेटवत नाहीत, म्हणून चोलंट नावाचा रस्सा आदल्या संध्याकाळीच मंद आचेवर ठेवतात. कल्पना तिथून आली. पुढे रायव्हल कंपनीने 1971 मध्ये तो 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणला. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं अमेरिकेत लोक कोणत्याही स्लो कुकरला क्रॉकपॉट म्हणतात.

प्रेशर कुकरच्या उलटा हिशोब

प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे पाणी साधारण 120 अंश सेल्सियसपर्यंत तापतं आणि काम लवकर उरकतं. स्लो कुकरमध्ये दाब नसतो. तापमान 100 अंशांच्या खालीच राहतं. इथे तापमानाची कमी वेळेने भरून काढली जाते.

मांस चिवट लागतं ते त्यातल्या कोलॅजनमुळे. साधारण 70 अंशांच्या पुढे हे कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं, पण त्याला तासन्‌तास लागतात. पायाचा रस्सा गार झाल्यावर थलथलीत घट्ट होतो, ते हेच जिलेटिन. मांस शिजताना आक्रसतं आणि त्यातलं पाणी बाहेर पडतं. जिलेटिन असेल तर घास तरीही रसदार लागतो.

कोणता तुकडा घ्यायचा?

जो भाग जनावराने जास्त वापरला, तो. तोच सहसा स्वस्तही असतो. बीफमध्ये खांद्याचा भाग म्हणजे चक, छातीचा ब्रिस्केट किंवा पायाचा शँक. लॅम्बमध्ये खांदा, गर्दन आणि नळीसकट पाय. महागडा टेंडरलॉइन इथे वाया जातो. त्यात विरघळायला कोलॅजनच फारसं नसतं, त्यामुळे तो कोरडा पडतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लॅम्ब म्हणजे कोवळी मेंढी. आपल्याकडचं मटण बहुतेक ठिकाणी बोकडाचं असतं, पण रीत तीच. आणि महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बीफचा भाग परदेशातल्या वाचकांसाठी समजा.

लो आणि हाय

अनेकांना वाटतं की 'लो'वर तापमान कमीच राहतं. बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्ही सेटिंग शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचतात. 'हाय' लवकर पोचतं, 'लो' उशिरा. दीड किलो चक किंवा हाडासकट लॅम्बचा खांदा 'लो'वर साधारण 8 ते 10 तास, 'हाय'वर 5 ते 6 तास घेतो.

मग स्मार्ट प्लग का नको?

साधारण 4 ते 60 अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. या पट्ट्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून कच्चं मांस फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि 32 अंशांच्या वर उन्हाळा असेल तर एकच तास. सकाळी आठला ठेवलेलं मांस दुपारी एकला तापायला लागलं, तर पाच तास आधीच गेलेले असतात. वर कुकर सावकाश तापणार.

"पण नंतर शिजल्यावर जंतू मरतीलच की!" जंतू मरतात. पण स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंनी तोवर विष तयार केलं असेल, तर ते उकळूनही जात नाही. वास नाही, चव नाही, आणि रात्री उलट्या.

शिवाय बटणवाले डिजिटल कुकर प्लग ऑन झाला तरी आपोआप सुरू होत नाहीत. त्यापेक्षा कुकर लगेच सुरू करा आणि आठ तासांनी आपोआप 'वॉर्म'वर जाणारं मॉडेल घ्या. तुम्ही बाहेर असताना बराच वेळ लाइट गेली असेल, तर ते जेवण टाकून द्या, शिजलेलं दिसलं तरी.

करायची पद्धत

1. मांस पूर्ण वितळलेलं हवं. गोठलेला गोळा थेट टाकू नका.
2. मांस तव्यावर लालसर भाजून घ्या. कांदा-खोबऱ्याचं वाटणही आधी परता. कुकरमध्ये ते परतलं जात नाही, कच्चट लागतं.
3. बटाटे, गाजर तळाला, वर मांस. भांडं अर्धं ते दोन तृतीयांश भरा.
4. पाणी कमी घाला. वाफ फारशी बाहेर जात नाही, मांसालाही पाणी सुटतं.
5. झाकण सारखं उघडू नका.
6. चिलीसाठी राजमा घालत असाल, तर तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच टाका. कच्च्या राजम्यातलं विष स्लो कुकरच्या मंद आचेवर जात नाही.

कुकर जुना किंवा सेकंडहँड आहे? अर्धा पाण्याने भरा, 'लो'वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर थर्मामीटर बुडवा. 85 अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर तो मांसासाठी वापरू नका.

अमेरिकेतून भारतात नेताय?

इथला कुकर 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230. साधा प्लग अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. कॉइलवर व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की पॉवर साडेतीन पटींपेक्षा जास्त होते, आणि कुकर जळतो. पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यापेक्षा भारतातच 230 व्होल्टचा घ्या, बॅगेतली जागाही वाचेल.