फी माफ झाली, मग शिक्षण का सुटते?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली मुलगी बारावी झाली की घरात चर्चा सुरू होते ती राहण्या-जेवणाची. कॉलेज बीडला घ्यायचे, अंबाजोगाईला की थेट लातूर-संभाजीनगरला? खोलीचे भाडे किती, मेसचे महिन्याला किती, एसटीचा पास परवडेल का, आणि हे सगळे पैसे जुलै महिन्यात, म्हणजे पेरणीत घरातली शिल्लक संपलेली असताना, आणायचे कुठून? अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची किंवा बी.एस्सी.ची फी तुलनेने थोडी असते, आणि राखीव प्रवर्गातल्या किंवा कमी उत्पन्नाच्या घरातल्या बहुतेकांना तिच्यात सवलतही मिळते. तरीही शिक्षण सुटते. कारण आपली मदतीची सारी व्यवस्था फीभोवती उभी आहे, आणि गरीब घराला खरा भार पडतो तो जगण्याच्या खर्चाचा. त्यातही जी थोडी रक्कम जगण्यासाठी म्हणून मंजूर होते ती हातात पडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. बीडच्या विद्यार्थ्याला आज सर्वांत जास्त गरज आहे ती राहण्या-जेवणाच्या पैशाची, आणि तीही वेळेवर. कर्जाचा विचार त्यानंतरचा.

आधी, मिळते काय ते पाहू. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला गावोगावी 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतात, ती 1944 पासूनची. तिच्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. पालकांच्या उत्पन्नाची तिची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. 2020 च्या डिसेंबरात केंद्राने तिची फेररचना केली, केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के ठरवला आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याचे धोरण घेतले. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागासवर्ग यांच्यासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला तिच्यातून निम्म्या शिक्षण शुल्काचा परतावा मिळतो. 2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आतल्या इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय चांगलाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ज्या बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती, तिथे मुलीच्या शिक्षणाआड येणारा एकेक अडसर दूर होणे मोलाचे आहे.

पण या यादीत जगण्यासाठीची रक्कम किती, हे जवळून पाहिले की चित्र बदलते. फेररचनेनंतरच्या शिष्यवृत्तीत बी.ए., बी.एस्सी.सारख्या पदवी अभ्यासक्रमाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 6,000 रुपये भत्ता आहे आणि घरून ये-जा करणाऱ्याला 3,000. म्हणजे महिन्याला अनुक्रमे 500 आणि 250 रुपये. अडीचशे रुपयांत महिनाभराचा प्रवास, वह्या, झेरॉक्स आणि परीक्षेचे फॉर्म कसे भागवायचे? ही उणीव शासनाला कळलेली नाही असे नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला 43,000 रुपये ठरले: भोजनासाठी 25,000, निवासासाठी 12,000 आणि निर्वाहासाठी 6,000. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही रक्कम 60,000 आहे. हा आकडा वास्तवाच्या जवळ जाणारा आहे. त्याच धर्तीवर इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, पण तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला 600 विद्यार्थ्यांची मर्यादा घातली गेली. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत वंजारी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांची संख्या फार मोठी आहे. तिथे सहाशेचा आकडा किती पुरणार? योग्य आकाराची मदत थोड्यांना आणि तुटपुंजी मदत पुष्कळांना, अशी ही विभागणी आहे.

रकमेइतकाच घोळ वेळेचा आहे. महाविद्यालयाचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, तो महाविद्यालयाच्या लिपिकाने तपासायचा, प्राचार्यांनी पुढे पाठवायचा, मग समाजकल्याण किंवा संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाने मंजूर करायचा. कुठे त्रुटी निघाली की अर्ज परत विद्यार्थ्याकडे. पैसे येईपर्यंत अनेकदा वर्ष सरत आलेले असते, कधी पुढचे वर्षही उजाडलेले असते. आता या वेळापत्रकाशेजारी बीडचे वेळापत्रक ठेवा. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे नेमके ज्या महिन्यांत उत्पन्नाच्या दाखल्यावर सही हवी असते, आधार खात्याला जोडलेले नसल्याचे लक्षात येते, जातवैधतेसाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्या महिन्यांत आई-वडील कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर कोपी करून राहत असतात. गावात आजी-आजोबा आणि शिकणारी मुले. अर्ज परत आल्याचे विद्यार्थ्याला कळते तेव्हा कागद देणारे माणूस दोनशे-तीनशे किलोमीटरवर असते. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. ते पाळले गेले तरी मेसवाला आणि घरमालक थांबत नाहीत.

ही दरी भरते कर्जानेच. मात्र ते बँकेचे शैक्षणिक कर्ज नसते. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली जादा उचल (मजुरीची आगाऊ रक्कम), सावकाराचे पैसे, सोनाराकडे ठेवलेली पोत, बचत गटातून काढलेली रक्कम, विकलेली शेळी किंवा करडू यातून मुलाचे पहिले सत्र पार पडते. उचलीची फेड पैशाने होत नाही, ती कोयत्याने होते: जोडप्याला ऊस तोडून ती रक्कम फेडावी लागते, आणि हंगामात फिटली नाही तर उरलेली पुढच्या हंगामाच्या माथी बसते. या कर्जाची नोंद 'शैक्षणिक कर्ज' म्हणून कुठेही होत नाही. त्यामुळे शिष्यवृत्ती सहा महिने उशिरा आली तर 'पैसे मिळाले ना शेवटी?' एवढीच विचारणा होते. उशिराचे व्याज कोणी भरले, हे कोणी विचारत नाही. ते भरलेले असते आई-वडिलांच्या अंगमेहनतीने, आणि घरातल्या धाकट्या बहिणीचे शिक्षण वर्षभर मागे ढकलून.

मग बँकेचे कर्ज का नाही? कागदावर ही वाट सोपी आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमीची योजना आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याचे, मान्यताप्राप्त संस्थेतल्या तंत्रशिक्षण किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जावरचे शिक्षणकाळातले व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती देशातल्या निवडक उच्च दर्जाच्या संस्थांपुरती. केज किंवा धारूरच्या महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्याला यातले फारसे काही लागू होत नाही. शाखेत गेल्यावर वडिलांच्या थकलेल्या पीककर्जाची आणि त्यामुळे घसरलेल्या सिबिल स्कोअरची, म्हणजे कर्जफेडीच्या पतगुणांकाची, अडचण येते ती वेगळीच. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, केवळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे म्हटले. पण प्रत्येक शाखेपर्यंत ही समज पोहोचवायला कोण जाणार?

कर्ज मिळाले असे धरून हिशेब करू. अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दर वर्षी एक लाख असे चार लाख, दहा टक्के सरळ व्याजाने. शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष परतफेड थांबलेली असते, पण व्याज चालू असते. या पाच वर्षांत 1 लाख 40 हजार रुपये व्याज साठते. व्याजसवलत मिळाली नाही तर 5 लाख 40 हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 7,100 रुपये बसतो. मिळाली तर चार लाखांवर सुमारे 5,300. पुण्यात पंधरा हजारांवर पहिली नोकरी लागलेल्या मुलाने सात हजारांचा हप्ता भरायचा, खोलीचे भाडे द्यायचे आणि गावी काय पाठवायचे? सुस्थितीतल्या घरासाठी कर्ज ही सोय आहे, कारण नोकरी लांबली तरी घर सांभाळून घेते. गरीब घरासाठी तो थेट धोका आहे, कारण पडल्यास खाली धरायला काहीच नसते.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारात घ्यायलाच हवेत. पहिला असा की शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्याला होतो, तर खर्चही त्यानेच भरावा. यात तथ्य आहे. पण तो भरायचा कधी, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये अशी पद्धत आणली की विद्यार्थी आधी शिकतो आणि त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेले तरच कराबरोबर परतफेड सुरू होते. उलट, ठरलेल्या हप्त्यांच्या कर्जावर फार भिस्त ठेवलेल्या अमेरिकेत विद्यार्थ्यांवरचे कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे आणि तो तिथल्या राजकारणाचा धगधगता प्रश्न झाला आहे. कर्ज द्यायचेच असेल तर ते कमाईशी बांधलेले हवे. दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी 2016 मध्ये विशेष कृती दल नेमावे लागले होते, हे खरे. पण तिथे बोट दाखवले गेले ते मुख्यतः खोटे विद्यार्थी दाखवणाऱ्या संस्थांकडे. विद्यार्थ्याच्या खात्यात दर महिन्याला, हजेरीशी जोडून जाणारी रक्कम अशा लुटीला उलट आळा घालते. तिसरा आक्षेप निराशेचा: पदवी घेऊनही नोकरी नाही, मग पैसा घालायचा कशाला? पदवीचा दर्जा सुधारायला हवाच. परंतु पदवी नसलेल्या मुलापुढे बीडमध्ये पर्याय कोणता उरतो, तर बापाचाच कोयता. त्या मुलाला शिक्षणाबाहेर ठेवून दर्जाचा प्रश्न सुटत नाही.

राहण्या-जेवणाची सोय आधी हवी, हे आपल्या थोर माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतर, 1917 मध्ये आला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करूनच शिक्षणाचा विस्तार केला. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ठरलेल्या वेळी पोहोचणारी, परदेशात जगता येईल अशी. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. मदत आधी, परतफेड नंतर आणि तीही कामाच्या रूपात.

तेव्हा करायचे काय, हे नव्याने शोधण्याची गरज नाही. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. ती सगळी पूर्ण क्षमतेने आणि मुलींच्या सुरक्षिततेची खात्री देत चालली पाहिजेत. सावित्रीबाई फुले आधार योजनेतली सहाशेची मर्यादा काढून पात्र असलेल्या प्रत्येकाला ती मिळाली पाहिजे. आणि निर्वाह भत्ता वर्षाअखेरच्या एकरकमी हप्त्याऐवजी जुलैपासून महिन्याला खात्यात आला पाहिजे. हे प्रशासनाला जमणार नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यांत दरमहा 1,500 रुपये पाठवण्याची यंत्रणा याच राज्याने 2024 मध्ये काही आठवड्यांत उभी केली. तमिळनाडू सप्टेंबर 2022 पासून सरकारी शाळांतून आलेल्या महाविद्यालयीन मुलींना महिन्याला 1,000 रुपये देत आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला पोहोचवता येतात, हे दोन्हीकडे सिद्ध झाले आहे.

धोरण बदलेपर्यंत मात्र हातपाय गाळून चालणार नाही. ज्यांच्या घरात यंदा कोणी दहावी-बारावीला आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन क्रिमिलेअर आणि जातवैधतेचा प्रस्ताव ही कामे टोळी गाव सोडण्याआधी, पावसाळ्यातच उरकावीत आणि मुलाच्या खात्याला आधार जोडले आहे ना, ते बँकेत विचारून घ्यावे. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी कर्ज काढायचे असेल तर आपली संस्था व्याजसवलतीला पात्र आहे का, हे प्रवेशाआधी तपासावे. बँकेने अर्ज नाकारला तर नकार लेखी मागावा. आणि गावातल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, महाविद्यालयांतल्या लिपिकांनी ऊसतोड कुटुंबातल्या मुलांचे अर्ज ऑक्टोबरच्या आत पूर्ण करून घेण्याचे मनावर घ्यावे. कागद वेळेत गेला तर मुकादमाकडची एक उचल कमी घ्यावी लागते.