हृदय आणि मेंदू यांचा परस्पर पत्रव्यवहार

गेल्या परीक्षेंत गणिताची प्रश्नपत्रिका हातीं पडतांच एका विद्यार्थ्यानें लेखणी खालीं ठेविली. जवळ जाऊन विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, छाती धडधडते आहे, आतां मला कांहीं यावयाचें नाहीं." आम्ही त्यास पाणी दिलें. परंतु छाती धडधडली म्हणजे बुद्धि बंद पडली, असें खरोखरच आहे काय, हा प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला.

मेंदूचा हृदयावर अंमल चालतो, हें जुनेंच ज्ञान आहे. मेंदूपासून छातीकडे उतरणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूस विजेनें उत्तेजन दिलें असतां हृदय मंदावतें, किंबहुना थांबतेंही, हें १८४५ सालीं वेबर बंधूंनीं दाखविलें. पुढें अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, भय व क्रोध यांच्या प्रसंगीं हृदयाची गति वाढते ती शरीर झुंजीस किंवा पलायनास सिद्ध व्हावें म्हणून. यावरून ठोके वाढले कीं मनुष्य गांगरला, अशी सोपी समजूत रूढ झाली.

ती समजूत जॉन लेसी व त्यांच्या पत्नी बिॲट्रिस लेसी यांनीं कसोटीस लाविली. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील यलो स्प्रिंग्स या गांवीं फेल्स संशोधनसंस्था होती. तेथें हें दांपत्य काम करी. कांहीं माणसांना तोंडी हिशेब घालावयाचे, शब्दांचीं अक्षरें उलट क्रमानें सांगावयास लावावयाचें. उलटपक्षीं कांहीं वेळ नुसते लुकलुकणारे दिवे पाहावयास सांगावयाचें. आणि त्या त्या वेळीं हृदयाचे ठोके व तळहाताचा घाम हीं दोन्ही यंत्रानें टिपावयाचीं. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चमत्कारिक होता. घाम दोन्ही प्रसंगीं वाढला. पण हृदय मात्र हिशेब करतांना जलद चाललें व दिवे पाहतांना मंदावलें! पुढें असेंही आढळलें कीं, ठराविक वेळानें येणाऱ्या खुणेची मनुष्य वाट पाहत असला, तर खूण जवळ येतां येतां त्याचें हृदय हळू होत जातें.

असें कां व्हावें? मानेंतील मोठ्या रोहिणीच्या व हृदयालगतच्या महारोहिणीच्या भिंतींत सूक्ष्म मज्जाग्रें असतात. प्रत्येक ठोक्यासरशी भिंत ताणली गेली कीं तीं मेंदूस वर्दी देतात. व्हेगसमधीलही बहुतेक तंतू हुकूम खालीं आणणारे नसून बातमी वर नेणारेच आहेत. लेसी दांपत्याचें म्हणणें असें कीं, ही वर्दी कमी झाली म्हणजे मेंदूचें दार बाहेरच्या जगाकडे उघडतें. वाढली म्हणजे तें लोटलें जातें, आणि मनुष्य आपल्याच विचारांत राहतो. पॉल ऑब्रिस्ट यांनीं यावर हरकत घेतली: लक्ष देतांना हातपाय स्तब्ध होतात, म्हणून हृदयही स्वस्थ होतें, यांत मेंदूच्या दाराचा संबंध नाहीं. आम्हांस ही हरकत वजनदार वाटते. तथापि ती खरी धरली तरी मूळ निरीक्षण ढळत नाहीं. हिशेबांत गुंतलेल्या माणसाचें हृदय जलद चालतें, आणि हिशेब तर चालूच असतो.

(विश्रांति घेत असतांही वारंवार धडधड होत असेल किंवा घेरी येत असेल, तर गोष्ट निराळी, पालकांनीं अशा वेळीं मुलास डॉक्टरांकडे न्यावें.)

हें सारें त्या दिवशीं त्या मुलास सांगावयास हवें होतें. त्यानें चार उदाहरणें कोरीं ठेविलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं आमच्या खोलींत बसवून आम्ही तींच त्यास घातलीं, तेव्हां त्यानें तीन बरोबर सोडविलीं.