पुन्हा पुन्हा मुके होणारे स्पीकर

सह्याद्रीच्या पायथ्याशी धुवाधार पावसात भिजणारे रायगडातील कर्जत निराळे, आणि त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुक्याचे कर्जत निराळे. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वाऱ्याबरोबर धूळ घराच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसते, आणि ग्रामीण भागात सर्वत्र होते त्याप्रमाणे शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो व पंप थांबले की चढतो; म्हणून अशा गावी संगणकाचे स्पीकर वरचेवर मुके होत असतील, तर प्रत्येक वेळी नवी जोडी विकत आणणे हा इलाज मला अपुरा वाटतो.

मेलेला भाग आणि मारणारा भाग पुष्कळदा वेगळे असतात. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली सिद्ध केलेल्या रचनेनुसार आजही स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे हलते. चार ओहमच्या स्पीकरचे हे वेटोळे मल्टिमीटरवर साधारणतः तीन ओहमहून थोडे अधिक दाखवते, आणि जळाले असल्यास काहीच दाखवत नाही. परंतु ते ज्या अॅम्प्लिफायरच्या आयसीने जाळले, ती आयसी तशीच ठेवून नवा स्पीकर जोडला, तर तोही त्याच वाटेने जातो. सबब नवा स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटच्या टोकांवर डीसी दाब मोजावा: तेथे काही मिलिव्होल्ट असणे क्षम्य, काही व्होल्ट आढळले तर अपराधी आयसीच.

याहून अधिक चकवणारा भाग म्हणजे कपॅसिटर. ज्या स्पीकरमध्ये १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो, तेथे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ब्रिज रेक्टिफायरनंतर कपॅसिटरवर जवळजवळ १६ व्होल्ट येतात. रात्री पंप बंद होऊन पुरवठा २६० वर गेला, की तेच सुमारे १८ होतात. दुरुस्तीच्या वेळी हाताशी होता म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवला असेल, तर तो फुगणे ही केवळ काळाची बाब राहते. त्यात उष्णतेची भर पडते, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. १०५ अंशांचा, ३५ व्होल्टचा कपॅसिटर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. स्पीकरमधून सतत खर्जातली घुमघुम येऊ लागणे ही या भागाची पूर्वसूचना होय. आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखर मात्र बहुधा धुळीची, आणि सफाईने जाणारी.

अर्थात पेटी उघडण्यापूर्वी मोबाइल जोडून पाहावे. त्यावर स्पीकर नीट वाजला, तर तपास संगणकाकडे किंवा वायरीकडे वळवावा. उघडायचीच असेल तर प्लग काढून काही वेळ थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालण्याची रीत तर सर्वथा त्याज्य आहे.

एकाच घरातले दिवे कधी अतितेजस्वी तर कधी मंद होत असतील, तर डीपीवरील न्यूट्रल सैल असण्याचा संभव आहे. तशा अवस्थेत एखाद्या फेजवरील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने जाऊ शकतो, म्हणून सर्व उपकरणे बंद करून वायरमनला तत्काळ बोलवावे. एरवी सकाळी, पंप चालू असताना आणि मध्यरात्री अशा वेळी आठवडाभर दाब मोजून वहीत नोंदवावा, आणि २१६ ते २४४ व्होल्टची हद्द वारंवार ओलांडली जात असल्यास त्या नोंदींसह वीज कंपनीच्या उपविभागीय कचेरीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.