त्वचेवरचे औषध आत कसे पोहोचते?

शरीरातील पाणी आत आणि बाहेरचे पदार्थ बाहेर राखणे हे त्वचेचे मुख्य काम असल्यामुळे, तिच्यावर लावलेल्या औषधाचा बहुधा थोडाच अंश आत पोहोचतो. ही राखण प्रामुख्याने शृंगस्तर, म्हणजे मृत व चपट्या पेशींचा सर्वांत बाहेरचा थर, करतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा फार तर पन्नासावा भाग असते. विटांमध्ये सिमेंट असावे तसे या पेशींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात व औषधाला मुख्यतः त्यांतूनच वाट काढावी लागते. त्यामुळे साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा कमी वजनाचे आणि स्निग्धात तसेच पाण्यातही काही प्रमाणात विरघळणारे रेणूच पुढे सरकतात. सुमारे ५,८०० डाल्टन वजनाचे इन्सुलिन नुसते चोळून रक्तात उतरत नाही, ते यामुळेच.

गोळीतील औषध आतड्यांतून आधी यकृतात जाते व तेथे त्याचा काही भाग निष्क्रिय होऊ शकतो. त्वचेतून रक्तात शिरणारे औषध हा टप्पा टाळते आणि दीर्घकाळ जवळजवळ एकसारख्या गतीने मिळत राहते. अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळालेली स्कोपोलामाइनची पट्टी याच तत्त्वावर, कानामागे चिकटवली असता, प्रवासातील मळमळ तीन दिवस रोखते. तीव्र वेदनांसाठीच्या फेंटानिलच्या पट्टीवर मात्र शेकण्याची पिशवी ठेवल्यास उष्णतेने औषध अधिक वेगाने शोषले जाऊन श्वसन धोकादायकरीत्या मंदावू शकते, आणि पट्टी काढल्यानंतरही त्वचेत साठलेले औषध काही तास रक्तात उतरत राहते.

मलमाचा परिणाम लावलेल्या जागीच हवा असतो. तरीही पापण्या, चेहरा व जांघ येथे ते तळहात-तळपायांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. भारतात नायट्यावर सर्रास लावल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी खाज थांबते, पण बुरशीला आवरणारी स्थानिक प्रतिकारक्रिया दबल्याने नायटा पसरत राहतो. रंग उजळावा म्हणून तीच मलमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळल्यास त्वचा पातळ व लाल होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते व बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. अशी मात्रा, लावण्याची जागा आणि थांबण्याचा दिवस डॉक्टरांकडून ठरवून घेणे मलमाच्या बाबतीतही गोळीइतकेच आवश्यक आहे.