लॅपटॉप घेताना रॅम-प्रोसेसर सगळेच बघतात, डिस्प्ले कोण बघणार?

"कोणता लॅपटॉप घेऊ?" हा प्रश्न मला वर्षभर येत असतो. ॲडमिशनच्या दिवसांत तर जरा जास्तच. सोबत दोन-तीन मॉडेल्सचे स्क्रीनशॉट असतात आणि त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांना लाल गोल केलेले असतात. डिस्प्लेबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "फुल एचडी आहे ना, मग चांगलाच असेल."

इथेच गडबड होते. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये कंपनीला खर्च वाचवायचा असला की कात्री बऱ्याचदा डिस्प्लेवर चालते. प्रोसेसरचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पॅनेलचं कोणी विचारत नाही. रॅम आणि एसएसडी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. डिस्प्ले मात्र जो आला तो आला. पुढची चार वर्षं रोज सहा-सात तास तुम्ही त्याच्याकडेच बघणार आहात आणि पैसे बहुतेक वेळा घरच्यांचे असतात. म्हणून स्पेसिफिकेशनच्या पानावरचे कोणते आकडे खरंच कामाचे आहेत, ते आज बघूया.

रिझोल्यूशन: गरजेचं, पण पुरेसं नाही

फुल एचडी म्हणजे आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल. १५.६ इंची स्क्रीनवर एका इंचात साधारण १४१ पिक्सेल बसतात. तुमच्या साडेसहा इंची फोनमध्ये हाच आकडा ४०० च्या आसपास असतो. फोनवरून नजर लॅपटॉपवर आली की अक्षरं जरा जाडीभरडी वाटतात, ती यामुळे. पण लॅपटॉप आपण फोनपेक्षा लांबून बघतो, त्यामुळे रोजच्या कामाला फुल एचडी चालून जातं. १४ इंची स्क्रीनवर तेच पिक्सेल आणखी दाट होतात, इंचाला १५७, आणि देवनागरीतले अनुस्वार आणि जोडाक्षरं जास्त स्वच्छ दिसतात.

जमत असेल तर १९२० बाय १२०० चा, म्हणजे १६:१० आकाराचा डिस्प्ले बघा. उंचीत १२० पिक्सेल जास्त मिळतात. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे स्क्रीनवर चार ओळी जास्त दिसल्या तरी फरक पडतो. पीडीएफ वाचणाऱ्यांनाही पडेल.

ब्राइटनेस: निट्सचा हिशोब

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. एक निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला, आणि एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्स हा नेहमीचा आकडा आहे. ट्यूबलाइटखाली तेवढं पुरतं. खिडकीजवळ किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर बसलात की स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो. आजचे बरेच फोन उन्हात १००० निट्सच्या पुढे जातात, त्यामुळे आपल्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असते आणि लॅपटॉप आणखीच मरगळलेला वाटतो.

माझा हिशोब साधा आहे: फक्त घरात वापरायचा असेल तर २५० चालेल, ३०० बरं, आणि बाहेर घेऊन फिरायचं असेल तर ४०० च्या आसपास बघा. शिवाय मॅट की ग्लॉसी हेही बघा. मॅट स्क्रीन मागच्या दिव्याचं प्रतिबिंब पसरवून फिकं करते. ग्लॉसी स्क्रीनवर रंग खुलून दिसतात, पण मागचा ट्यूबलाइटही तितकाच स्पष्ट दिसतो.

रंग: "४५ टक्के एनटीएससी" ही ओळ शोधा

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्क्रीन किती रंग दाखवू शकते, याला कलर गॅमट म्हणतात. तो मोजायला कंपन्या वेगवेगळ्या पट्ट्या वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एनटीएससी ही अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीसाठी ठरलेली जुनी पट्टी. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आणि वेबसाइट्स हिच्याच हिशोबाने बनतात. तिसरी डीसीआय-पी३, सिनेमासाठी ठरलेली, एसआरजीबीपेक्षा साधारण पाव पटीने मोठी. चांगले फोन आता तिच्यापर्यंत पोचतात.

लक्षात ठेवायचं एवढंच: ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास १०० टक्के एसआरजीबी. आणि ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्केच. म्हणजे तुमच्या फोटोतल्या रंगांचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग ती स्क्रीन दाखवूच शकत नाही. सगळ्यात आधी मार खातो तो लाल रंग. एलसीडीच्या मागचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. त्या उजेडात शुद्ध लाल कमी असतो. त्यात स्वस्त पॅनेलचे कलर फिल्टरही फिके असतात. मग कुंकवाचा लाल शेंदराकडे झुकतो.

याने काय बिघडतं? माझी मामेबहीण डिझाइन शिकते. कॉलेजच्या गॅदरिंगचं पोस्टर तिने तिच्या लॅपटॉपवर बनवलं. रंग फिके वाटले म्हणून सॅच्युरेशन वाढवत गेली. ग्रुपवर टाकल्यावर मुलांच्या फोनवर ते इतकं भडक दिसलं की सगळे हसले. ती दोन दिवस स्वतःच्या नजरेवर शंका घेत होती. मी लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन उघडून पाहिलं, तर ४५ टक्के एनटीएससी. जे रंग स्क्रीन दाखवतच नव्हती, ते तिने अंदाजाने भरले होते. फोटो, व्हिडिओ, डिझाइन यातलं काहीही करणार असाल, तर १०० टक्के एसआरजीबीच्या खाली जाऊ नका. नुसतं कोडिंग आणि एक्सेल असेल तर ही अट थोडी ढिली करता येते.

टीएन, आयपीएस, ओलेड

टीएन पॅनेल आता कमी दिसतं, पण एकदम स्वस्त लॅपटॉपमध्ये अजून सापडतं. स्क्रीन जरा मागे-पुढे केली की रंग उलटेपालटे होतात. ते टाळा.

आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं, म्हणून ते लोकप्रिय झालं. पण "आयपीएस" हा शब्द फक्त तंत्राचं नाव आहे. ४५ टक्के एनटीएससीवालं पॅनेलही आयपीएसच असतं. त्याची एक मर्यादा म्हणजे कॉन्ट्रास्ट, साधारण १०००:१. मागचा दिवा कायम चालू असल्यामुळे थोडा उजेड झिरपतोच. रात्री खोलीत अंधार करून सिनेमा लावला की काळा रंग राखाडी दिसतो तो यामुळे.

ओलेडमध्ये मागे दिवाच नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. काळं दाखवायचं असेल तर तो पिक्सेल बंद होतो. म्हणून काळा म्हणजे खरोखरचा काळा. रंगही बहुतेक वेळा डीसीआय-पी३ पर्यंत जातात. आता साठ-सत्तर हजारांतही ओलेड लॅपटॉप दिसू लागलेत, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, बर्न-इन. विंडोजचा टास्कबार एकाच जागी तासन्तास राहतो आणि काही वर्षांनी तिथे पुसट डाग उरू शकतो. टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग करा, डार्क मोड वापरा, स्क्रीन लवकर बंद होऊ द्या. दुसरी, फ्लिकर. उजेड कमी करायला बरेच ओलेड पॅनेल पिक्सेल भराभर चालू-बंद करतात. अनेक लॅपटॉपमध्ये हा वेग सेकंदाला २४० वेळा असतो. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, डोळे थकतात. रात्री कमी ब्राइटनेसवर अभ्यास करणार असाल तर घेण्याआधी अर्धा तास तरी तसं वापरून बघा.

रिफ्रेश रेटचं थोडक्यात: १२० किंवा १४४ हर्ट्झवर स्क्रोलिंग गुळगुळीत होतं, गेमिंगमध्ये फायदा होतो. पण ४५ टक्के एनटीएससी आणि १४४ हर्ट्झ ही जोडी स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये सर्रास सापडते, तेव्हा फक्त हर्ट्झवर भाळू नका.

दुकानात काय तपासायचं?

१. डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. काळ्या पार्श्वभूमीवरची चमकदार फुलं कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात. चार्जर लावा, ब्राइटनेस १०० टक्के करा आणि वर्डचं कोरं पान उघडा. ते पिवळट किंवा निळसर दिसतंय का, कोपरे काळपट आहेत का ते बघा.

२. तुमच्या फोनमधला एक ओळखीचा फोटो दोन्हीकडे उघडा. लाल साडी, झेंडूचा हार, माणसाचा चेहरा असं काहीतरी. फरक लगेच कळेल.

३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर निवडा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स आणि मग हार्डवेअर आयडी उघडा. तिथे बीओई, एयूओ, सीएमएन, एलजीडी अशा अक्षरांनी सुरू होणारा कोड दिसेल. तो पॅनेल बनवणाऱ्याचा कोड आहे. तो मॉडेलच्या नावासोबत सर्च केला की अनेकदा निट्स आणि गॅमटचे आकडे मिळतात. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल्स येऊ शकतात, म्हणून रिव्ह्यूमधला डिस्प्ले आणि तुमचा डिस्प्ले एकच असेल असं धरून चालू नका.

४. ऑनलाइन घेताय आणि पानावर निट्स, गॅमट काहीच लिहिलेलं नाही? मग ते लपवण्यासारखं आहे असंच समजा. चांगला आकडा असता तर कंपनीने तो आवर्जून छापला असता.

शेवटी बजेट ठरलेलंच असतं, हे मान्य. पण दोन मॉडेल्समध्ये अडकला असाल, एकात प्रोसेसर एक पायरी वरचा आणि दुसऱ्यात ३०० निट्स, १०० टक्के एसआरजीबीचा डिस्प्ले, तर बहुतेक विद्यार्थ्यांना मी दुसरा घ्यायला सांगेन. प्रोसेसरमधला तेवढा फरक कधीतरी जाणवेल. स्क्रीनमधला फरक लॅपटॉप उघडला की रोज दिसेल.